तक्रार क्रमांक एक्केचाळीस

शाळेने मला खोली दिली ती जिन्याखालची.
आधी इथे खेळाचं सामान होतं;
अजून फुसक्या फुटबॉलचा वास येतो,
आणि दाराच्या पाटीवर पेंटरने
‘निवारण’मधल्या ण चा न करून ठेवलाय.
तो मी बदलून घेतला नाही.
तक्रार माझ्याच दारापासून सुरू व्हावी, म्हटलं.

त्याआधी एकतीस वर्षं बेस्टमध्ये,
हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे.
छत्र्या, डबे, एकदा नवरदेवाचा फेटा,
एकदा कवळी, रुमालात गुंडाळलेली.
माणूस यायचा, म्हणायचा, ती छत्री माझी.
मी म्हणायचो, मूठ कशी आहे, सांगा.
न्याय वगैरे तेव्हाही माझ्याकडे नव्हता.
होती एक खिडकी, आणि विचारायची पद्धत.

आता रुकय्या मुकादम समोर बसल्यात,
माझगावचा चढ चढून आलेल्या,
शिवणाची टेप अजून गळ्यात.
पिशवीतून डायरी काढतात:
लाल शाईत, अकरा वेळा, एकच ओळ,
‘लक्ष देत नाही.’
अकराव्या ओळीखालची रेघ
कागद फाटेस्तोवर ओढलेली.
‘माझा झैद काय बहिरा आहे? का बिनडोक?
बाईंनी माफी मागावी. वर्गासमोर.’
मी लिहून घेतो. ‘वर्गासमोर’ हेही.

मधल्या सुट्टीत गद्रे बाई,
डबा हातात, न उघडलेला.
चौथी ब, बासष्ट मुलं,
बसलेला घसा, गालात लवंग.
‘उंच आहे म्हणून मागे बसवला.
यात माझं काय चुकलं?
आणि तुम्ही नक्की कुणाचे?’

कुणाचे.
लहानपणी खडूची रेघ मारून खेळायचो,
तळ्यात, मळ्यात. चुकला की बाद.
रेघेवरच उभं राहायचं, अशीही नोकरी असते
हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.
शाळा म्हणते, तुम्ही पालकांना चढवता.
पालक म्हणतात, पगार कोण देतं तुम्हाला?
पगार शाळाच देते. कमी देते, पण देते.

शुक्रवारी गेलो चौथी ब मध्ये,
झैदच्या शेजारी, शेवटच्या बाकावर,
गुडघे हनुवटीला टेकवून.
खिडकीबाहेर पाडलेल्या चाळीच्या जागी
टॉवरचा पाया ठोकणं चालू.
बाईंचे ओठ हलताना दिसत होते.
धाड्. गोदावरी. धाड्. कृष्णा. धाड्.
पुढची नदी मला कळली नाही.
झैद क्रेनकडे बघत होता. मीही बघू लागलो.
माझी डायरी असती
तर बारावी ओळ तिथेच पडली असती.

अहवाल अर्ध्या पानाचा झाला.
‘दोष कुणाचा’ हा रकाना कोरा ठेवला.
शिफारस: मुलाला दुसऱ्या रांगेत, भिंतीकडेला.
खिडक्यांना जाड काचा. बाईंना माईक.
काचा आणि माईक ‘विचाराधीन’ होऊन परत आले,
ते घोंगडं अजून भिजतंय.
बाक मात्र सोमवारी बदलला.

माफी कुणी मागितली नाही.
गद्रे बाईंनी डायरीत निळ्या शाईने काहीतरी लिहिलं.
काय, ते रुकय्याबाईंनी मला दाखवलं नाही;
दारातूनच मान हलवून गेल्या.
ती मान होकाराची की निरोपाची
हे ठरवायचा अधिकार मला नाही.

गेल्या आठवड्यात पेटीत
चौकटीच्या वहीचं अर्धं पान निघालं,
पेन्सिलीने लिहिलेलं:
‘सर आता ऐकू येतं सगळं.
पण इथून क्रेन दिसत नाही.
आधी दिसायची.’
खाली सही, हजेरी क्रमांकासकट.

चष्मा पुसला. नोंदवही ओढली.
विषयाच्या रकान्यात लिहिलं: क्रेन.
विरुद्ध कोण, इथे बराच वेळ अडलो,
मग स्वतःचं नाव घातलं
आणि दाखल करून घेतली.